दवाखाना कुणाचा, बिल कुणाचं

शेजारच्या आबांना पहाटे तीनच्या सुमारास छातीत धरलं. वय बहात्तर, काजूच्या बागेत दिवसभर राबणारा माणूस, ताप आला तर काढा पिऊन गोधडीत शिरणारा. घामाने निथळत, डावा हात दाबत खळ्यात खुर्चीवर बसले होते. सुनेने १०८ ला फोन लावला. गाडी यायला पस्तीस मिनिटं लागली. सिंधुदुर्गातल्या आमच्या वळणावळणाच्या रस्त्याला ती कमीच म्हणायची.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ड्युटीवरची डॉक्टर जेमतेम सव्वीस-सत्तावीसची असेल. दहा मिनिटांत तिने ईसीजी काढला, पट्टीचा फोटो मोबाइलवर कुणा वरिष्ठांना पाठवला, आबांना गोळ्या चघळायला लावल्या, सलाइनची सुई लावून ठेवली. मग मुलाला बाजूला घेऊन म्हणाली, “अटॅक आहे. आपल्याकडे हृदयाचे डॉक्टर नाहीत, अँजिओग्राफी नाही. पुढे न्यावं लागेल.” मुलगा बाहेर आला आणि एवढंच बोलला, “बांबोळीक व्हरूचा लागतला.”

बांबोळी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. आमच्याकडे ‘बांबोळीला नेलंय’ हे वाक्य कुणी उच्चारलं की पुढचा माणूस प्रश्न विचारत नाही, तो थेट घरी कोण आहे, गुरांना कोण बघणार, हे विचारतो. वाटेत मुलाच्या आग्रहाखातर गाडी एका खासगी रुग्णालयापाशी थांबली. तिथे अँजिओग्राफीची सोय होती, आणि आबांकडे रेशनकार्ड, आधार, आयुष्मानचं कार्ड, सगळं होतं. काउंटरवरचा मुलगा नम्र होता. “योजनेचं सकाळी आरोग्यमित्र आले की बघू. आत्ता दाखल करायचं तर पन्नास हजार डिपॉझिट भरा.” आरोग्यमित्र म्हणजे सरकारी योजनेचे कागद बघणारा माणूस. घरात काजूचे पैसे यायला महिना होता. गाडी पुढे निघाली.

आबा वाचले. पण त्या रात्रीचा हिशेब मी नंतर कागदावर मांडला तेव्हा लक्षात आलं, की ‘सरकारी चांगलं की खासगी’ हा आपण चहाच्या टपरीवर घोळवतो तो प्रश्नच अर्धवट आहे. १०८ ची गाडी कुणाची? महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी. पैसा सरकारचा, चालक आणि डॉक्टर मात्र ठेका घेतलेल्या कंपनीचे. ग्रामीण रुग्णालय सरकारचं, पण तिथली ती डॉक्टर बहुधा बाँडवर आलेली. शासकीय कॉलेजात शिकल्याबद्दल वर्षभर सरकारी सेवा करणारी, पुढच्या जूनमध्ये कदाचित पीजीला निघून जाणारी. आणि ते खासगी रुग्णालय? आरोग्यमित्र वेळेवर असता तर तिथलं बिल सरकारच भरणार होतं. एका माणसाचं एक दुखणं, आणि त्यात सरकारी-खासगीची सरमिसळ इतकी, की कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते पेशंटला कळायचं कारणच नाही.

‘सरकारी’ म्हणजे एक मालक नव्हे

आपण सरसकट ‘सरकारी दवाखाना’ म्हणतो, पण आत किमान चार घरं आहेत आणि त्यांची चूल वेगळी आहे.

गावातलं उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी) जिल्हा परिषदेच्या ताब्यात. वरचा साहेब जिल्हा आरोग्य अधिकारी, म्हणजे डीएचओ. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्ह्याचं ‘सिव्हिल’ हे राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे. त्यांचा साहेब जिल्हा शल्यचिकित्सक, सिव्हिल सर्जन. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, तिथे अधिष्ठाता. शहरात चौथं घर महापालिकेचं. मुंबईत जे. जे. राज्य सरकारचं आणि केईएम, सायन, नायर महापालिकेची, हे मुंबईत जन्म काढलेल्या अनेकांनाही ठाऊक नसतं.

हे पुस्तकी वाटेल, पण याचा झटका खिशाला बसतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्य सरकारने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार मोफत केले. केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत. पण वैद्यकीय शिक्षण विभागाची कॉलेजं त्या निर्णयात नव्हती. आता आमच्या ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गच्या मुख्यालयी, काय झालं बघा: २०२२ मध्ये तिथे शासकीय मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि सिव्हिल त्याला जोडलं गेलं. तीच इमारत, तोच वड, बाहेर तोच वडापाववाला, पण पाटीवरचं खातं बदललं. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत जिथे जिथे नवं कॉलेज आलं तिथे हे घडलं आहे. कॉलेज आल्याने तज्ज्ञ डॉक्टर येतात हा मोठा फायदा. पण ‘हे नक्की कुणाचं’ हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, आणि तक्रार घेऊन गेलात तर एक टेबल दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतं.

ही उतरंड कागदावर सुरेख आहे. दर ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, दर ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० आणि २०,००० मागे. तिची मुळं १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात. सोपं दुखणं खाली आणि अवघड वर, अशी ती कल्पना. खालचा डॉक्टर चाळणी लावेल, जे त्याच्याकडून होणार नाही तेच वर पाठवेल. आता कोल्हापूरच्या सीपीआरला किंवा पुण्याच्या ससूनला सकाळी नऊ वाजता जाऊन रांग बघा. निम्मी रांग अशा दुखण्यांची असते जी पीएचसीत निभावली असती. चाळणीला भोकं पडली आहेत, कारण खालच्या पायरीवर एखादी जागा रिकामी असते, एखादं यंत्र बंद असतं, किंवा लोकांचा तिच्यावरचा विश्वास आधीच उडालेला असतो.

एका भूलतज्ज्ञाची गोष्ट

खालची पायरी का डगमगते, हे समजायला बाळंतपण घ्या.

समजा ग्रामीण रुग्णालयात प्रसूतीसाठी बाई आली. स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, नर्स आहेत, ऑपरेशन थिएटर आहे, टेबलावरचा दिवाही लागतो. बाळ आडवं आहे, सिझेरियन करायचं. पण भूल कोण देणार? भूलतज्ज्ञ नसेल तर हे सगळं असूनही काहीच नाही. सर्जनला हात बांधून उभं राहावं लागतं. जिल्ह्यात मोजकेच भूलतज्ज्ञ असतात, आणि त्यांतले बहुतेक खासगी. दिवसभरात चार-पाच नर्सिंग होम फिरून भूल देतात. मग सरकारी रुग्णालय त्यांनाच ‘ऑन कॉल’ बोलावतं, केसमागे मानधन देऊन. डॉक्टरसाहेब शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या ऑपरेशनला गेलेले असतील, तर बाईला रेफरची चिठ्ठी.

म्हणजे त्या सरकारी थिएटरचं भवितव्य एका खासगी माणसाच्या मोटारसायकलवर. उलट बाजूने पाहिलं तर त्या खासगी माणसाला शिकवलं सरकारी कॉलेजनेच. या देवघेवीत वाईट काही नाही, उलट अनेक जीव तिच्यामुळे वाचतात. फक्त ती कुणाच्या हिशेबात नीट लिहिलेली नसते.

बाळंतपणाचं दुसरं चित्र आकड्यांचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरात सरकारी दवाखान्यांतल्या प्रसूतींपैकी १४.३ टक्के सिझेरियन होत्या, खासगीत ४७.४ टक्के. खासगीत जवळपास दोनातली एक. हे वाचून ‘पैशासाठी पोट फाडतात’ असं म्हणायचा मोह होतो, आणि काही ठिकाणी ते खरंही आहे. पण सगळं तेवढंच नाही. वर सांगितलेल्या कारणामुळे खालच्या सरकारी पायरीवर सिझेरियन होतच नाहीत, त्या पुढे जातात, काही खासगीत जातात. शिवाय मुहूर्त बघून तारीख मागणारी घरंही आहेत. मी एक ओळखतो. तेव्हा १४ हा आकडा असायला नको तितका कमी आहे, आणि ४७ हा कुठल्याच वैद्यकीय कारणाने समजावता येणार नाही इतका जास्त. दोन्हीकडे दुरुस्ती हवी, पण वेगवेगळी.

‘नाही’ म्हणायची मुभा

माझ्या मते दोन्हींतला खरा फरक इमारतीत, स्वच्छतेत किंवा डॉक्टरच्या हुशारीत नाही. खासगी दवाखान्याला ‘नाही’ म्हणता येतं, सरकारीला म्हणता येत नाही. बाकीचे बहुतेक फरक या एका गोष्टीतून उगवतात.

दार उघडं ठेवायचं म्हटलं की रांग लागते. खाटा संपल्या तरी माणसं येतच राहतात, मग जमिनीवर गाद्या. ज्यांना बाकीच्यांनी ‘नाही’ म्हटलं तेही इथेच येतात, आणि उशिरा येतात. पैसे संपेपर्यंत खासगीत ठेवलेला, व्हेंटिलेटरवरचा पेशंट शेवटी ‘सरकारीत हलवा’ म्हणून पाठवला जातो आणि मृत्यूची नोंद सरकारीच्या वहीत होते. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यात १२ नवजात बाळं. प्रशासनाचं म्हणणं होतं की यातले बरेच बाहेरून अत्यवस्थ अवस्थेत आले होते. हे सगळं खरं धरलं तरी औषधखरेदी, मनुष्यबळ आणि खाटांपेक्षा जास्त भरती हे प्रश्न उरतातच. उच्च न्यायालयाने त्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली ती त्यामुळेच. मात्र मृत्यूंचा नुसता आकडा शेजारी ठेवून ‘खासगीत बघा, माणसं मरत नाहीत’ म्हणणं म्हणजे शेवटच्या थांब्यावरच्या एसटीला गर्दीबद्दल दोष देण्यासारखं.

कायदा काय म्हणतो? १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जीव वाचवण्याचं पहिलं कर्तव्य प्रत्येक डॉक्टरवर आहे, सरकारी असो वा खासगी; पोलिसांचे कागद नंतर. म्हणजे तातडीच्या प्रसंगी खासगीलाही पूर्ण ‘नाही’ म्हणता येत नाही. प्रथमोपचार करून पेशंट स्थिर करायलाच हवा. त्यानंतर मात्र दार बंद होऊ शकतं.

आणि सरकारी दारही प्रत्यक्षात बंद होतं, ‘खाट नाही’ या दोन शब्दांत. बंगालमध्ये १९९२ साली एक शेतमजूर रेल्वेतून पडून डोक्याला मार बसला. त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं, शेवटी त्याने खासगीत उपचार घेतले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची चणचण ही सबब चालणार नाही. राज्य सरकारला २५,००० रुपये भरपाई द्यावी लागली.

खासगी म्हणजेही एक नव्हे

आपण ‘खासगी’ म्हटलं की डोळ्यांसमोर काचेची इमारत येते. पण ग्रामीण महाराष्ट्रात खासगी म्हणजे बहुधा बाजारपेठेतली एक खोली, दाराला पडदा, आत आयुर्वेदाची किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेले डॉक्टर, समोर बाकावर आठ बायका आणि एक रडणारं पोर. दोन दिवसांच्या गोळ्या पुडीत बांधून मिळतात, हवंच असेल तर ‘सुई’. मजुरी बुडवून पीएचसीत जाण्यापेक्षा संध्याकाळी सातला इथे जाणं परवडतं. गरीब माणूस खासगीत का जातो, याचं उत्तर ‘वेळ’ आहे, हे धोरण लिहिणारे नेहमी विसरतात. सरकारी ओपीडीची वेळ पगारदार माणसाने ठरवलेली, रोजंदारीवाल्याने नव्हे.

त्याच्या वर तालुक्याची दहा-वीस खाटांची नर्सिंग होम, बरेचदा नवरा-बायको दोघंही डॉक्टर, वरच्या मजल्यावर त्यांचं घर. त्यांच्या वर ट्रस्टची रुग्णालयं, खासगी मेडिकल कॉलेजं, आणि सगळ्यात वर कंपन्यांच्या साखळ्या. यांना एकाच काठीने हाकणं अन्याय आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर या सगळ्या सीमा ओलांडून उभे आहेत. १९७० च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशाने मरणारी माणसं पाहिली आणि नंतर रक्तदाबाचं एक साधं औषध, प्राझोसिन, विंचवाच्या विषावर चालतं हे दाखवून दिलं. कोकणातले किती जीव त्यामुळे वाचले असतील याची गणती नाही. पुढे त्यांनी महाडमध्ये स्वतःचं छोटं रुग्णालय चालवलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि याच बावस्करांना एका तपासणी केंद्राने पेशंट पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा चेक पाठवला, तेव्हा त्यांनी तो घेऊन थेट वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली.

त्या चेकचं नाव ‘कट’. ज्याने पेशंट धाडला त्याला बिलातला वाटा. स्कॅनच्या किमतीत तो आधीच मिसळलेला असतो. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार केला. तो कायदा झाला नाही. प्रामाणिक डॉक्टर यात सर्वांत जास्त चिरडला जातो, कारण न देणाऱ्याकडे कुणी पेशंट पाठवत नाही.

आता पैशाचं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८), बाळंतपणं वगळून, एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारीत ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला. सातपट. तरीही गावाकडचे निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण खासगीतच दाखल झाले होते. सरकारी आकडा शून्य नाही हेही बघा. ‘बाहेरून आणा’ म्हणून लिहून दिलेली औषधं, गाडीभाडं वेगळंच, सोबतच्या माणसाचं जेवण. मोफत दवाखान्यातही माणूस पाकीट घेऊनच जातो.

जे खासगीत विकत मिळत नाही

दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडताप आला. माकडं मरून पडू लागली, मग काजूच्या बागेत जाणारी माणसं तापाने फणफणली. हा रोग पहिल्यांदा सापडला १९५७ मध्ये, कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात; पसरतो गोचिडीमार्फत. दोडामार्गातून २०१७ मध्ये तो सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या भागात पोचला. आता विचार करा: मेलेलं माकड कुठे पडलंय याची नोंद कोण ठेवणार? त्याभोवतीच्या जंगलात पावडर कोण मारणार? बागेत जाण्याआधी अंगाला लावायचं तेल कोण वाटणार, लस कोण टोचणार, तापाच्या पेशंटचं रक्त प्रयोगशाळेला कोण पाठवणार? यातल्या कशाचंही बिल कुणाच्या नावाने फाडता येत नाही. ते आरोग्य सेवक आणि आशाताईंनी केलं.

भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचं, म्हणजे चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापाचं, तसंच. चिखलात अनवाणी उतरणाऱ्यांना आठवड्याला डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या घरी आणून देणारी बाई सरकारी साखळीतली सर्वांत खालची, आणि मानधनावरची. आशा योजना २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. घरी जाऊन नवजात बाळ तपासायचं आशाताईंचं काम गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने आधी करून दाखवलं, गावातल्याच बायकांना शिकवून बालमृत्यू उतरवता येतात हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि मग ते देशभर गेलं. ‘सर्च’सारखी संस्था म्हणजे ना सरकारी ना खासगी अशी तिसरी जात. सरकारने तिच्याकडून शिकावं, हे इथे तरी घडलं.

सापाचंही सांगतो. कोकणात फुरसं चावणं ही नवलाई नाही. विषावरची लस पीएचसीत मोफत असते, आणि कधी दहा, कधी वीस कुप्या लागतात. रात्री साप चावला तर गावातला शहाणा माणूस नर्सिंग होमकडे जात नाही, कारण तिथेही दंडाला पट्टी बघून ‘सरकारीत न्या’च म्हणणार आहेत.

योजनेचं कार्ड म्हणजे काय

२ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, ती तिच्यात जोडली गेली. २०२४ पासून कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच, आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या रेशनकार्डालाही.

हिची कल्पना एका ओळीत अशी: सरकार म्हणतं, मी रुग्णालय बांधत बसण्यापेक्षा तुझ्या वतीने बिल भरतो, तू सरकारी किंवा यादीतल्या खासगी रुग्णालयात जा. प्रत्येक ऑपरेशनला ठरावीक पॅकेज. अँजिओप्लास्टीचं इतकं, गुडघ्याचं तितकं. रुग्णालय संगणकावर परवानगी मागतं, कागद अपलोड होतात, आरोग्यमित्र मध्ये धावपळ करतो.

चांगली बाजू मोठी आहे. ज्यांनी बायपास हा शब्द फक्त ऐकला होता त्यांची ती झाली, जमीन न विकता. पण लोक ज्याला फसतात ते सांगतो. योजना आजाराच्या यादीवर चालते. रोजची ओपीडी, साधा ताप, महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या तिच्यात नाहीत. घरी सोडल्यावर फार तर दहा दिवसांची औषधं. काही प्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, त्या खासगीत मागून उपयोग नाही. आणि पॅकेजचे दर बाजारभावापेक्षा कमी, पैसे उशिरा येतात अशी रुग्णालयांची ओरड. म्हणून काही जण यादीत नाव असूनही कंटाळलेले असतात. तो कंटाळा काउंटरवर ‘आज योजनेची खाट रिकामी नाही’ असा ऐकू येतो. पुन्हा तेच, ‘नाही’ म्हणायची मुभा. यादी सरकारने केली, पैसे सरकार देतं, पण दार कुणासाठी कधी उघडायचं ते रुग्णालयाच्या हातात.

आणि यादीतली अँजिओग्राफी होणारी रुग्णालयं आहेत कुठे? जिथे आधीपासून पैसा आणि डॉक्टर आहेत तिथे. कार्ड दोडामार्गच्या माणसालाही मिळतं आणि पुण्याच्याही. पुण्यातल्याला रिक्षाने जाता येतं.

धर्मादाय रुग्णालयांचा मार्ग त्याहून कमी लोकांना ठाऊक. ट्रस्ट म्हणून सवलती घेतलेल्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या, बिलांतले २ टक्के त्यासाठीच्या निधीत टाकायचे, अशी योजना उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आखून दिली. उत्पन्नाची मर्यादा पुढे वाढत १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजारांवर आली. तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. तातडीच्या प्रसंगात डिपॉझिट मागायचं नाही. तिथे समाजसेवा अधीक्षक नावाचं एक टेबल असतं, बहुधा लिफ्टच्या मागे. बिल विभागात हुज्जत घालण्याआधी ते शोधा.

लगाम कुणाच्या हातात

खासगी रुग्णालयांची नोंदणी महाराष्ट्रात अजून १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. २०२१ मध्ये जुन्या कायद्याचे नियम सुधारले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं, बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. आता पुढच्या वेळी जाल तेव्हा भिंतीकडे बघा. सनद असते, बहुधा शोभेच्या कुंडीमागे.

सरकारला खासगीचे दर बांधता येत नाहीत, असं सांगितलं जातं. मे २०२० मध्ये कोविडात राज्याने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले होते: साध्या वॉर्डला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. लेखापरीक्षक नेमले, काही ठिकाणी जादा घेतलेले पैसे परत करायला लावले. पळवाटा निघाल्या, पीपीई किटच्या नावाने बिलं फुगली. पण बांधता येतात, एवढं तरी सिद्ध झालं.

आणि सरकारचा स्वतःचा हात? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये आरोग्यावरच्या एकूण खर्चातले ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून थेट जात होते, २०२१-२२ मध्ये ३९.४. घट मोठी आहे, मोजण्याच्या पद्धतीवर अभ्यासकांत वाद असला तरी. सरकारी खर्च त्या काळात जीडीपीच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ वर आला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ गाठायचे ठरवले होते.

सीमेपलीकडे

आमच्या जिल्ह्याची गंमत अशी की आमचं सर्वांत भरवशाचं सरकारी रुग्णालय दुसऱ्या राज्यात आहे. बांबोळीच्या कॉलेजची परंपरा १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकशाळेपर्यंत मागे जाते. दशकानुदशकं सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याची माणसं तिथे गेली, आणि गोव्याच्या करदात्यांच्या पैशाने बरी होऊन आली. जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने गोव्याबाहेरच्यांना शुल्क लावलं, तेव्हा इकडे संताप उसळला. मला स्वतःला तो संताप कळला आणि गोव्याचं म्हणणंही कळलं. आपल्या जिल्ह्यात हृदयाचा डॉक्टर नाही याचा जाब ओरोसला विचारायचा की पणजीला?

आबा सहा दिवसांनी घरी आले. स्टेंट एक. आता त्यांच्या खुंटीला प्लास्टिकची पिशवी टांगलेली असते. तिच्यात ग्रामीण रुग्णालयाची गुलाबी चिठ्ठी, बांबोळीचं डिस्चार्ज कार्ड, तालुक्यातल्या खासगी डॉक्टरांच्या तीन फाइली आणि मेडिकलची बिलं. बीपीची गोळी उपकेंद्रात मोफत मिळते, रक्त पातळ करणारी बाजारातून आणावी लागते. त्या रात्रीच्या ईसीजीची पट्टी काढून बघितली तर ती जवळजवळ कोरी झाली होती. थर्मल कागदावरची छपाई उन्हात उडते. सुनेने मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला होता म्हणून बरं. मंगळवारी आशाताई आली, आबांचं बीपी घेतलं, पिशवी उलटी करून सगळे कागद ओट्यावर मांडले आणि तारखेप्रमाणे लावायला बसली.